‘फायरप्रूफ’ (२००८): चित्रपट, चाळीस दिवस आणि क्षमा याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा चित्रपट पाहिलेल्या, पाहू इच्छिणाऱ्या आणि आपल्या मंडळीत (चर्चमध्ये) दाखवू इच्छिणाऱ्या मराठी प्रेक्षकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पहिल्या चार उत्तरांत शेवट सांगितलेला नाही. पाचव्या प्रश्नापासून मात्र कथानक उघड होतं, तेव्हा चित्रपट पाहिला नसेल तर तिथेच थांबा.

१. चित्रपट कशाबद्दल आहे? शेवट सांगू नका, पण बघावा की नाही हे कळेल इतकं सांगा.

कॅलेब होल्ट हा अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अल्बनी शहराच्या अग्निशमन दलात कॅप्टन आहे. परक्यांसाठी आगीत शिरणारा हा माणूस घरी बायकोशी एक वाक्य धड बोलत नाही. बायको कॅथरीन रुग्णालयात जनसंपर्काचं काम पाहते. लग्नाला सात वर्षं झाली आहेत. तिच्या आईला पक्षाघात झालाय. आईसाठी रुग्णालयात असतो तसला पलंग आणि चाकांची खुर्ची हवी आहे, पण तेवढे पैसे नाहीत. कॅलेबने मात्र स्वतःची बोट घ्यायची म्हणून २४,००० डॉलर साठवून ठेवले आहेत. एका भांडणानंतर कॅथरीन वेगळं व्हायचं ठरवते. तेव्हा कॅलेबचे वडील त्याला चाळीस दिवस थांबायची गळ घालतात आणि हाताने लिहिलेली एक वही पाठवतात. वहीत रोजचं एक काम आहे. वडिलांचा शब्द मोडवत नाही म्हणून तो ते सुरू करतो.

चित्रपटात श्रद्धा आडपडद्याने येत नाही, उघडपणे आणि भरपूर येते. ती चालत असेल तर नवरा-बायकोचा अबोला, टोमणे आणि थंडपणा इतका खरा क्वचितच पाहायला मिळेल.

२. हा हॉलिवूडचा चित्रपट आहे का? काढला कोणी?

अल्बनीतल्याच शेरवुड बाप्टिस्ट चर्चने, आपल्या ‘शेरवुड पिक्चर्स’ या संस्थेतर्फे. दिग्दर्शक अ‍ॅलेक्स केंड्रिक, लेखन त्याचं आणि त्याचा भाऊ स्टीफन यांचं. कॅलेबच्या भूमिकेतला कर्क कॅमरन हा आधीपासून नाव असलेला नट. बाकी काम करणारे बहुतेक जण चर्चमधले स्वयंसेवक होते. कॅथरीन झाली आहे एरिन बेथिया. खर्च सुमारे ५ लाख डॉलर. २६ सप्टेंबर २००८ रोजी तो अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि त्याने ३.३ कोटी डॉलरहून जास्त कमाई केली. काही दुय्यम प्रसंगांतला अभिनय कच्चा वाटतो, त्याचं कारण हेच स्वयंसेवक. कॅलेबच्या वडिलांच्या भूमिकेला मात्र ही तक्रार लागू नाही.

३. मुलांना सोबत बसवलं तर चालेल का?

अमेरिकेत त्याला ‘पीजी’ प्रमाणपत्र आहे, म्हणजे काही भाग मुलांना योग्य नसू शकतो, पालकांनी लक्ष घालावं. लांबी १२२ मिनिटं. शिव्या नाहीत, उघडं अंग नाही. तीन गोष्टी आधी माहीत असू द्या. रेल्वे रुळांवर अडकलेल्या गाडीचा आणि जळत्या घरात अडकलेल्या मुलीचा, असे दोन प्रसंग लहान मुलांना घाबरवतात. कॅलेब बायकोवर ओरडतो तो प्रसंग त्याहूनही जास्त घाबरवू शकतो, विशेषतः ज्या घरात असं ओरडणं होतं तिथे. आणि कॅलेबला संगणकावर अश्लील चित्रं पाहायची सवय आहे. पडद्यावर तसलं काही दिसत नाही, पण बारा-तेरा वर्षांचं मूल प्रश्न विचारणारच. उत्तर तयार ठेवा.

४. घरातल्या वडीलधाऱ्यांना इंग्रजी येत नाही. त्यांना कसा दाखवावा?

बोलणं अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या हेलात आहे, त्यामुळे इंग्रजी शिकलेल्यांचाही कान सुरुवातीला अडखळतो. इंग्रजी उपशीर्षकं लावा आणि चार ठिकाणी थांबवून मराठीत दोन-दोन मिनिटं सांगा: पहिलं मोठं भांडण झाल्यावर, वही हातात आल्यावर, मेणबत्त्यांच्या जेवणानंतर आणि कॅथरीन आजारी पडते त्याच्या आधी. शेजारी बसून वाक्यागणिक भाषांतर करू नका. या चित्रपटात गप्प राहण्याला फार अर्थ आहे, तो त्यात बुडतो.

५. वहीत नेमकं काय असतं? चाळीसही कामं चित्रपटात दिसतात का?

नाही, थोडीच दिसतात. सगळी कामं ‘द लव्ह डेअर’ या पुस्तकात आहेत. केंड्रिक बंधूंनीच लिहिलेलं हे पुस्तक २००८ मध्येच बाजारात आलं. पहिल्या दिवशी जोडीदाराला वाईट असं एकही वाक्य बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी एक अनपेक्षित चांगुलपणा करायचा. तिसऱ्या दिवशी ‘तुझी आठवण होती’ हे सांगणारी एखादी वस्तू आणायची. चौथ्या दिवशी दिवसभरात एकदा, काही काम नसताना, फक्त कसं चाललंय हे विचारायचं. पाचवं काम अवघड आहे: माझ्या कोणत्या तीन गोष्टींचा तुला त्रास होतो, हे विचारायचं आणि उत्तर ऐकताना स्वतःची बाजू मांडायची नाही. पंचविसावा दिवस क्षमा करण्याचा, सव्विसावा आपली चूक कबूल करण्याचा, चाळिसावा लग्नाची वचनं नव्याने घेण्याचा.

पाया आहे बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय, आपल्याकडे लग्नाच्या उपासनेत हमखास वाचला जातो तोच. ‘प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे’ या क्रमानेच पहिले दोन दिवस बेतलेले आहेत.

६. कॅलेब सांगितलेलं सगळं करतो, तरी पहिल्या अर्ध्या भागात काहीच का बदलत नाही?

कारण तो यादीवर खुणा करतोय. कॉफी ओततो, ती पीत नाही. फुलं मागवतो ती स्वस्तातली. फोन करतो तो आटोपण्यासाठी. प्रत्येक कामानंतर तो तिच्या चेहऱ्याकडे बघतो: मी केलं, आता तू बदल. सात वर्षं दुखावलेल्या बायकोला हे लगेच कळतं. नवरा एकाएकी गोड वागायला लागला की आधी संशय येतो, आणि कॅथरीनच्या मैत्रिणीही तिला सावधच करतात.

घरी करून पाहणाऱ्यांचं इथेच बिनसतं. बायकोने चहा बाजूला ठेवला की चौथ्या-पाचव्या दिवशी ‘एवढं करतोय तरी’ हे वाक्य तोंडातून निघतं, आणि ते निघालं की आधीचे सगळे दिवस वाया. आपण हिशेब ठेवत होतो हे समोरच्याला कळलेलं असतं.

७. मेणबत्त्या लावून जेवण करतो तो प्रसंग आणि वडिलांसोबतचा वधस्तंभाजवळचा (क्रूसाजवळचा) प्रसंग, यांचा संबंध काय?

दोन्ही मिळून एकच प्रसंग आहे असं समजून पाहा. जेवणाच्या वेळी कॅथरीन त्याला स्पष्ट सांगते की तिचं त्याच्यावर प्रेम उरलेलं नाही. तो वडिलांकडे तक्रार घेऊन जातो: पुन्हा पुन्हा नाकारणाऱ्या माणसावर प्रेम करायचं कसं? वडील तिथे उभ्या असलेल्या लाकडी वधस्तंभाकडे वळतात. देवाच्या बाबतीत तू इतकी वर्षं हेच करत आलास, हे त्याला तिथे उमगतं. तोवर तो स्वतःला अन्याय झालेला माणूस समजत होता. इथून पुढे तो क्षमा मिळालेला माणूस म्हणून घरी जातो, आणि तीच कामं वेगळ्या हाताने होऊ लागतात. चित्रपटाचा सगळा डोलारा या एका वळणावर आहे.

पुस्तकातही विसावा दिवस येशू ख्रिस्ताचा आहे, म्हणजे बरोबर मध्यावर. आधीचे दिवस माणसाला त्याच्या स्वतःच्या ताकदीचा तळ दाखवण्यासाठी आहेत.

८. संगणक फोडण्याचा प्रसंग अतिरेकी नाही का?

आहे, आणि तो तसाच हवा होता. चित्रपटाच्या सुरुवातीला कॅलेब बॅट घेऊन कचऱ्याच्या डब्यावर राग काढतो, कारण दोष बायकोचा आहे असं त्याला वाटत असतं. नंतर तीच बॅट तो आपल्या सवयीवर चालवतो. संगणकाच्या जागी गुलाब आणि एक चिठ्ठी ठेवतो. यानंतर कॅथरीन विरघळते असं आठवत असेल तर तो भाग पुन्हा पाहा. घटस्फोटाची कागदपत्रं तिच्याकडून याच्यानंतर येतात. पश्चात्तापाला लगेच फळ येत नाही हे दाखवायचं धाडस लेखकांनी केलं आहे.

घरी नक्कल करायची गरज नाही. आज फोन फोडला तर उद्या नवा येतो. फोन रात्री खोलीबाहेर ठेवणं, संकेतशब्द जोडीदाराजवळ देणं आणि एका विश्वासू माणसाला दर आठवड्याला खरं सांगणं, हे जास्त टिकतं.

९. क्षमा नक्की कोण कोणाला करतं? शेवटी गोंधळ होतो.

चार वेगळ्या क्षमा आहेत.

पहिली देवाकडून कॅलेबला (प्र. ७).

दुसरी तो कॅथरीनकडे मागतो. ती तापाने अंथरुणात आहे, तो तिची शुश्रूषा करतोय. वही तिच्या हाती लागलेली असते. आज कितवा दिवस, असं ती विचारते. तो त्रेचाळिसावा सांगतो. वहीत तर चाळीसच आहेत! चाळीस संपल्यावरही तो थांबलेला नाही, हे तिला तिथे कळतं. मग तो माफी मागतो, आणि ती लगेच देत नाही. तिला वेळ हवा असतो आणि तो तिला अडवत नाही. आमच्या मते संपूर्ण चित्रपटातला सर्वांत मोलाचा क्षण हा आहे. माफी मागणं कॅलेबच्या हातात आहे, ती देणं कॅथरीनच्या. चित्रपट या दोन्हींच्या मध्ये रिकामी जागा सोडतो आणि ती भरायची घाई करत नाही.

तिसरी कॅथरीनची: ती अंगठी घालून अग्निशमन केंद्रावर जाते. ती क्षमा करते आणि मागतेही, कारण मधल्या काळात तीही आपल्या रुग्णालयातल्या डॉक्टर केलरकडे ओढली गेली होती.

चौथीकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. चित्रपटभर कॅलेब आईशी तुटक वागतो, ती बोलू लागली की वैतागतो. चाळीस दिवसांचं व्रत वडिलांनी आईसाठी केलं, असंच तो धरून चालतो. शेवटी उलगडतं की ते आईने वडिलांसाठी केलं होतं. ज्या बाईला तो मोजत नव्हता, तिच्याच सोसण्याने त्याचं घर वाचलं. तो तिच्याकडे जाऊन माफी मागतो. पुन्हा पाहाल तेव्हा आईच्या प्रत्येक प्रसंगात कॅलेबचा चेहरा बघा.

१०. म्हणजे २४,००० डॉलर दिले म्हणूनच तिने माफ केलं ना?

हा आक्षेप वजनदार आहे. आईच्या पलंगाचे आणि खुर्चीचे पैसे डॉक्टर केलरने भरले असं कॅथरीन समजत असते. दुकानात कळतं की केलरचे होते ३०० डॉलर, बाकीचे २४,००० नवऱ्याचे. त्यानंतरच ती अग्निशमन केंद्राकडे धावते.

पण क्रम पाहा. कॅलेबने पैसे गुपचूप भरले आणि तिने दुसऱ्याला श्रेय दिलं तरी तोंड उघडलं नाही. आजारपणात माफी मागतानाही तो पैशाचा विषय काढत नाही. तिला पुरावा मिळतो तो याचा, की ती बघत नसतानाही कॅलेब असंच वागत होता. शिवाय पहिलं भांडण ज्या बोटीवरून झालं, तीच त्याने सोडली. तरीही आमचं मत असं की लेखकांनी इथे सोपा मार्ग घेतला. ज्या घरात द्यायला २४,००० नाहीत, तिथली कॅथरीन काय करेल याचं उत्तर चित्रपट देत नाही. प्र. १५ मध्ये त्याबद्दल थोडं आहे.

११. मायकल आपल्या पहिल्या लग्नाबद्दल सांगतो. आपलाही जुना प्रेमभंग किंवा आधीचं लग्न जोडीदाराला सांगावं का?

मायकल हा कॅलेबचा सहकारी आणि मित्र. त्याचा संसार आदर्श वाटतो, म्हणून त्याचं पहिलं लग्न मोडल्याचं कळल्यावर कॅलेब चक्रावतो. मीठ-मिरपुडीच्या चिकटवलेल्या डब्या मायकल दाखवतो (ओढून वेगळ्या केल्या तर एक तरी फुटणार), त्यामागे हा अनुभव आहे.

आधीचं लग्न, मूल, देणं किंवा न्यायालयातलं प्रकरण असेल तर लग्नाआधीच सांगा. ते लपवणं ही फसवणूक आहे. नुसता जुना प्रेमभंग असेल तर तो झाला होता एवढं सांगणं पुरेसं. तपशील, फोटो, तुलना नको. आणि हे भांडणाच्या मध्ये कधीही सांगू नका. तिथे कबुली हत्यार बनते.

१२. कर्क कॅमरनने चुंबनाच्या प्रसंगात खरंच स्वतःच्या बायकोला उभं केलं होतं?

हो. पत्नीखेरीज कोणाचं चुंबन न घेण्याचा त्याचा नियम आहे. त्यामुळे त्या दृश्यापुरती त्याची पत्नी चेल्सी नोबल कॅथरीनच्या वेषात आली आणि प्रसंग फक्त सावलीच्या आकृतीत टिपला गेला.

१३. आम्ही ख्रिस्ती नाही. चाळीस दिवस केले तर चालतील का?

बोलणं आवरणं, विचारपूस करणं, तीन तक्रारी ऐकून घेणं यासाठी धर्म आड येत नाही, आणि अनेक घरांत तेवढ्यानेही फरक पडतो. मात्र चित्रपटाचं म्हणणं याहून मोठं आहे, ते लपवून ठेवणं बरोबर नाही: स्वतःच्या बळावर कॅलेब हरतो, आणि ख्रिस्ताकडे वळल्यावरच त्याला पुढे जाता येतं. हे पटत नसेल तर तेवढा भाग मतभेद म्हणून पाहा. घरातल्या दुसऱ्या धर्माच्या माणसाला फसवून हा चित्रपट दाखवू नका. आधी सांगा, मग लावा.

१४. आम्ही वसईचे कॅथलिक. बाप्टिस्टांचा चित्रपट आमच्या जोडप्यांच्या मेळाव्यात चालेल का?

चालेल, एक भर घालून. कॅलेबचा पश्चात्ताप वैयक्तिक प्रार्थनेत होतो आणि तिथेच पूर्ण धरला जातो. तुमच्याकडे धर्मगुरूसमोरचं पापनिवेदन आहे, ते चर्चेत आणा. विवाह हा संस्कार आहे ही कॅथलिक शिकवण चित्रपटातल्या ‘वचन आयुष्यभराचं’ या भूमिकेशी छान जुळते.

१५. जोडीदाराला न सांगता सुरू करावं का? कसं?

न सांगता करा, पण लपवाछपवी नको. विचारलं तर खरं सांगा. सुरू करण्याआधी एक माणूस निवडा (पाळक, मोठा भाऊ, मावशी, जुनी मैत्रीण; भिन्नलिंगी ‘जवळचा मित्र’ नको) आणि आठवड्यातून एकदा त्याच्याशीच बोला. सकाळी पाच मिनिटं त्या दिवसाचं पान, रात्री दोन ओळी: आज काय केलं. तिने किंवा त्याने काय केलं हे लिहू नका, हिशेब तिथूनच सुरू होतो (प्र. ६). वस्तू आणायची असेल तर ऐपतीत. एखाद्याकडे बोटीचे पैसे नसतात, पण बोटीसारखं काहीतरी असतं: रविवारचं क्रिकेट, रात्रीचा मोबाईल, माहेरी न जाऊ देण्याचा हट्ट. सोडायचं ते तिथून शोधा.

एकत्र कुटुंबात सासूबाईंना किंवा जावांना कळलं की त्यावर टिप्पणी होते आणि समोरचा अवघडतो. म्हणून पहिले दहा दिवस चारचौघांत काही करू नका.

१६. नवरा हात उचलतो. तरी मी चाळीस दिवस करू का?

नाही. चित्रपटात कॅलेब ओरडतो, धमकावतो, पण मारत नाही. मारहाण असलेल्या घरासाठी ही वही नाही. तिथे जास्त गोड वागल्याने मार थांबत नाही, आणि दोष आपलाच असं बायकोला वाटायला लागतं. आधी सुरक्षित जागा. तातडीला ११२, महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते आणि न्यायालयाकडून राहत्या घराचा हक्क व संरक्षणाचा आदेश मिळू शकतो. क्षमा करणं आणि परत त्याच घरात राहायला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणी पाळक किंवा नातेवाईक दोन्ही एकच आहेत असं सांगत असेल, तर त्याचं ऐकू नका.

१७. आमचा परस्परसंमतीने घटस्फोटाचा अर्ज आधीच गेला आहे. आता उशीर झाला का?

नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि पहिल्या व दुसऱ्या टप्प्यात सहा महिन्यांचं अंतर असतं. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार ते अंतर न्यायालय माफ करू शकतं. ख्रिस्ती जोडप्यांना १८६९ च्या घटस्फोट कायद्याचं कलम १०-अ लागू होतं. त्यात दोन वर्षांची अट लिहिलेली आहे, पण तिच्याबद्दल उच्च न्यायालयांचे निकाल आहेत, म्हणून वकिलाला विचारा. अंतिम हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते. कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशकाला ‘आम्हाला आणखी वेळ हवा आहे’ असं सांगता येतं. फक्त चाळीस दिवसांचं निमित्त करून तारखा लांबवू नका. समोरच्याला तो डावच वाटेल.

१८. मंडळीच्या सभागृहात दाखवायचा आहे. काय तयारी लागेल?

घरगुती वापराची डिस्क किंवा ऑनलाइन वर्गणी सार्वजनिक प्रदर्शनासाठी नसते; तिकीट न लावल्यानेही ती तशी होत नाही. हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या. वेळ साडेतीन तास धरा: चित्रपट दोन तास, चहा वीस मिनिटं, उरलेला वेळ चर्चा. चर्चेत नवरा-बायकोंना एकाच गटात बसवू नका. एकमेकांसमोर कोणी खरं बोलत नाही. पुरुषांचे आणि स्त्रियांचे वेगळे गट, प्रत्येकी सहा ते आठ जण. ‘तुमच्या घरात कॅलेब कोण?’ हा प्रश्न टाळा, त्यावरून घरी जाताना रिक्षातच भांडणं होतात. त्याऐवजी विचारा: ‘कॅलेबने पहिल्यांदा मनापासून केलेलं काम कोणतं?’ यावर एकमत होत नाही, आणि चर्चा तिथे खुलते. प्र. १६ मधले दोन क्रमांक स्त्रियांच्या गटात कागदावर द्या.

१९. सतराव्या दिवशी जोरात भांडण झालं. पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करू का?

नको. त्याच रात्री, किंवा फार तर दुसऱ्या सकाळी, आपण जे वाईट बोललो तेवढ्याची माफी मागा. ‘पण तूसुद्धा’ हे दोन शब्द न लावता. आणि अठराव्या दिवसाचं पान उघडा.